न्हाणीगाडी, वय तेवीस

१६ ऑक्टोबर, सोमवार

तोमे आजींच्या डोक्यात शाम्पू, आणि नळीचं पाणी बंद!

धावत बाहेर आले तर गाडी गप्प. इंजिन बंद की पंप बंद, पंप बंद की बंब बंद. किल्ली फिरवली. एक धाप टाकली आणि पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा सुरू झाली, पण काटा वर-खाली, वर-खाली, दमेकऱ्याच्या छातीसारखा. तोवर आतून ओइकावाची हाक — "ताई, पाणी! आजी गारठल्या!" सुनेने, फुसाएने, किटल्यांवर किटल्या तापवून आणल्या. त्या पाण्याने आजींना कसंबसं धुऊन काढलं.

आजी त्र्याण्णवच्या. कमरेखाली काही हलत नाही. आठवड्यातून एकदा आम्ही तिघं वर, उवानोसावा या डोंगरवाडीत जातो. गाडी आणि नळ्या माझ्याकडे, ओइकावा नर्स, आणि कान्नो उचलायला. टब खोलीत मांडायचा, गाडीतलं गरम पाणी खिडकीतून आत सोडायचं, की आजी गळ्यापर्यंत पाण्यात. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांवर उरलेले सहा दिवस काढते, असं त्याच म्हणतात.

आज पुसताना ओठ निळे पडले होते. मी माफी मागितली. म्हणाल्या, "मेल्यावर काय, सगळेच आंघोळ घालतात. मला जिवंतपणी पुरी हवी."

पुरी देईन. लिहून ठेवते.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

नागानेच्या गॅरेजात नेली. शाळेत हा माझ्या दोन वर्ग मागे होता, अजून माझ्याशी बोलताना आधी हात पुसतो. प्लग बदलले, कॉइल बदलली. एक फेरी मारून आला. "झालं बघ."

झालं नव्हतं. पुलापर्यंत गेले आणि काटा पुन्हा नाचायला लागला. परत वळवली तर म्हणतो, "चिझुको, तेवीस वर्षांची गाडी आहे. वय झालं गं."

वय झालं! हा काय आजार आहे? डॉक्टरही मला गुडघ्याबद्दल हेच सांगतो. मी विचारलं, डावा गुडघाही तेवढ्याच वयाचा आहे, तो का नाही दुखत? हसला. 

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आमच्या संस्थेचे प्रमुख, शिशिदोसाहेब, यांनी बोलावलं. संस्थेत येऊन चार वर्षं झाली त्यांना, वर उवानोसावात एकदाही आले नाहीत. चहा दिला. चहा दिला की समजायचं, काहीतरी काढून घेणार.

नोव्हेंबरअखेर गाडीची सरकारी तपासणी आहे. "त्यात पास होईल असं काही वाटत नाही. आणि खर्च तरी किती करायचा? पायथ्याच्या लोकांना शेजारच्या केंद्राची बस येऊन आंघोळीला नेईल. वरची सहा घरं..." — इथे चहाचा घोट घेतला — "त्यांना आठवड्यातून एकदा गरम टॉवेलने पुसून देता येईल. तेही स्वच्छच."

तुम्ही स्वतः आठवडाभर टॉवेलने पुसून बघा, असं जिभेवर आलं. गिळलं.

मग अगदी गोड आवाजात — "कुरियागावाबाई, तुम्हीही आता पासष्टला आलात. गाडी आणि तुम्ही, दोघींनीही खूप केलंत. आता विश्रांती घ्या."

दोघींनी! मला आणि गाडीला एकाच ओळीत उभं केलं. बरं. मग दोघीही बघतोच.

२२ ऑक्टोबर, रविवार

सकाळभर सुकवायची तुरट पर्सिमॉन फळं सोलली. सत्तेचाळीस. दोरीला बांधून ओसरीत टांगली. हात आपोआप चालतात, डोकं मोकळं राहतं.

दुपारी गाडीच्या मागच्या कप्प्यातलं जुनं पुस्तक काढलं. तेलाचे डाग, कोपरे उंदराने खाल्लेले. एवढ्या वर्षांत कुणी उघडलंच नाही बहुतेक. शेवटून तिसऱ्या प्रकरणात सापडलं! स्टिअरिंगखाली एक छोटी चौकोनी जोडणी आहे. तिच्या दोन विशिष्ट खाचांमध्ये तारेचा तुकडा घालायचा. मग समोरचा पिवळा दिवा उघडझाप करतो. ती मोजायची. आधी दशक, मग थोडं थांबून एकक. आकडा आला की पुस्तकातल्या तक्त्यात बघायचं, कुठे दुखतंय ते.

म्हणजे गाडी बोलते! तेवीस वर्षं बोलते आहे आणि कुणी विचारलंच नाही.

केसाची पिन वापरली. एक. — चार. चौदा. ठिणगीचा संदेश येत नाही.

२३ ऑक्टोबर

एकवीस.

२४ ऑक्टोबर

बावीस. नागानेकडे गेले. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, असं तक्ता सांगतो. त्याने बदलला. खूश झाला — "आता अचूक सापडलं!"

२५ ऑक्टोबर

एक्केचाळीस! कालचा बावीस गायब.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज काहीच नाही. दिवा शहाण्यासारखा एकसारखा लुकलुकत राहिला — "सगळं ठीक." आणि दोनच मिनिटांत इंजिन बंद.

घरी येऊन चहा घेताना डोक्यात आलं. पाच दिवसांत चार वेगवेगळ्या तक्रारी. चार सेन्सर एकाच आठवड्यात कसे मरतील? वाड्यांवर आम्हीही हेच बघतो. सून म्हणते सासू खोटं बोलते, शेजारीण म्हणते सून खोटं बोलते, मुलगा म्हणतो दोघीही — आणि शेवटी कळतं की सांगणारे सगळे बरोबर होते, ऐकणाऱ्याचेच कान गेलेले.

सेन्सर खरं बोलताहेत. ते ऐकून इंजिनला हुकूम देणारा जो कंट्रोलचा डबा आहे — बिघाड त्याच्यात आहे. पैज.

ओइकावा मात्र दुसऱ्याच गोष्टीवर घसरली आहे. "ताई, डब्यात बांगडा आणू नका हो. गाडीभर वास." मी बांगडा आणलाच नव्हता. लोणच्याचा मुळा आणि भात होता. उघडून दाखवला तरी विश्वास नाही! "मग कान्नो-सान, तुम्ही?" कान्नोने नुसती मान हलवली. तो दिवसाला दहा शब्दांच्या वर बोलत नाही, बांगड्यासाठी कशाला खर्च करेल.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

नागाने म्हणाला, "डबा गेला असेल तर संपलंच. कंपनीने बनवणं कधीच बंद केलं. मोडीतल्या गाडीचा मिळेल, पण तोही तेवढाच जुना. आज लावशील, उद्या तोही जाईल."

"उघडून बघितलायस कधी?"

"डबा कोणी उघडत नाही गं. बदलतात."

मी एकोणीस वर्षं टेपरेकॉर्डरच्या कारखान्यात सोल्डरिंग करत होते. दिवसाला सर्किटच्या तीनशे पट्ट्या. कारखाना परदेशी गेला तेव्हा आम्हा सगळ्याजणींना भिंतीवरचं एकेक घड्याळ दिलं, वाकून नमस्कार केला आणि दार लावलं. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं. मी उघडून दुरुस्त केलं. अजून चालतंय.

'कोणी उघडत नाही' म्हणे!

६ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे पारा शून्याखाली. गवत पांढरं. साडेसातला किल्ली फिरवली — काही नाही. स्टार्टर घरघरतोय, इंजिन पेट घेत नाही. ओइकावा आणि कान्नो जॅकेट घालून उभे. आत खिडकीतून शिशिदोसाहेब बघताहेत. लपायला पडदाही ओढला नाही.

आणि मला सुचलं.

डावीकडच्या सीटसमोर, पायाजवळच्या पत्र्यामागे तो डबा असतो. पत्रा काढला. आजी-आजोबांचे केस वाळवायचा ड्रायर गाडीत असतोच. ऑफिसमधून लांब वायर ओढली आणि डब्यावर गरम हवा सोडली. ओइकावा म्हणते, "ताई, वेड लागलं का? त्याला केस तरी आहेत का?" पाच मिनिटं. सहा.

किल्ली फिरवली — पहिल्या झटक्यात सुरू! काटा स्थिर! कान्नो चक्क बोलला — "अरे!"

आणि डबा तापला तसा वास! तोच. नासक्या मासळीचा. ओइकावाने नाक धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे बोट दाखवलं. "हा घे तुझा बांगडा."

मला तो वास माहीत आहे. सर्किटमध्ये वीज साठवणाऱ्या जुन्या कंडेन्सरमधलं पाणी गळलं की असाच येतो. कारखान्यात परत आलेल्या मशिनींना यायचा. बोटाच्या पेराएवढे कंडेन्सर, वीस वर्षांत कोरडे पडतात, गळतात. थंडीत अजिबात काम करत नाहीत, ऊब मिळाली की थोडी धुगधुगी. म्हणून सकाळी बंद, दुपारी चालू, म्हणून रोज नवा आकडा.

म्हातारपण नाही! गळती आहे. गळती थांबवता येते.

७ नोव्हेंबर, मंगळवार

शिशिदोसाहेबांना रीतसर विचारलं. डबा काढून घरी नेऊ का, आतले कंडेन्सर बदलायचे आहेत, मला येतं.

"ही संस्थेची मालमत्ता आहे. तुम्ही चालक आहात."

"नागाने करत नाही."

"मग होत नाही."

विचारलं हीच चूक.

१२ नोव्हेंबर, रविवार

बॅटरीची तार सोडली, चार बोल्ट, डबा पिशवीत घालून घरी. वर भाजी ठेवली होती! चोरासारखं वाटलं. मग वाटलं, कोणाची चोरी? उवानोसावाची आंघोळ कोण चोरतंय?

जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड. रॉकेलचा स्टोव्ह शेजारी. झाकण उघडलं. बाई गं, तो वास!

हिरवी पट्टी. पाच कंडेन्सर, त्यातल्या दोघांच्या बुडाशी तपकिरी चिकटा, आजूबाजूचं तांबं काळवंडलेलं. मोठ्या भिंगाखाली बघितलं. डोळे पूर्वीचे नाहीत. हातही. पण सोल्डरिंग आयर्न हातात धरलं आणि मनगटाला आठवलं. आमची लाइनवरची मोठी बाई, योशिए-सान, म्हणायची — "दोन सेकंद. तिसऱ्या सेकंदाला तू काम करत नाहीस, जाळतेस."

पाचही काढले. प्रत्येकावरचे आकडे आणि उलट-सुलट बाजू वहीत चित्र काढून लिहून घेतली. नव्यांसाठी तोक्योच्या दुकानाला पत्र टाकायचं म्हणत होते, पण फोनच केला. माणूस म्हणाला, "एकशेपाच अंश तापमान सोसणारे देतो, जास्त टिकतील. रेडिओसाठी का?" म्हटलं, "आंघोळीसाठी." त्याने पत्ता दोनदा विचारून घेतला.

१५ नोव्हेंबर

पाकीट आलं. कंडेन्सर नवे, चकचकीत. या आठवड्यात गाडी 'सर्दीने' बंद आहे, असं सांगितलंय. खोटं नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

पाचही बसवले. दोन सेकंद, दोन सेकंद. चिकटा अल्कोहोलने धुतला. सुरेख दिसतंय! उद्या लावते.

१९ नोव्हेंबर, रविवार

मेली.

किल्ली फिरवली तर पिवळा दिवासुद्धा लागत नाही. आधी निदान आजारी होती. ड्रायर लावला. दहा मिनिटं. पंधरा. काही नाही. मी मारली.

रडले नाही. घरी येऊन मुळा चिरला. अख्खा मुळा. एवढा खाणार कोण?

२० नोव्हेंबर, सोमवार

नागानेची छोटी गाडी मागून घेऊन तिघं वर गेलो. टॉवेल, बादली. तोमे आजींना पुसलं.  एरवी कान्नोच्या टकलापासून माझ्या नाकापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात. आज भिंतीकडे तोंड. फुसाएने जाताना सगळ्यांना भाजलेली रताळी दिली आणि नमस्कार इतका खाली वाकून घातला, की मला तिच्याकडे बघवलं नाही.

परतीच्या वाटेवर ओइकावा म्हणाली, "खरं सांगा. उघडलात ना डबा?"

"उघडला."

"मग?"

"आता दिवाही लागत नाही."

रागावेल वाटलं. तिने फोनमधलं कॅलेंडर उघडलं. मग — "शीर सापडली नाही म्हणून मी कधी हात नाही टेकले. गुरुवारी सुट्टी आहे. येते मी."

२३ नोव्हेंबर, गुरुवार, सुट्टी

ओइकावा आली. सोबत कान्नोने पाठवलेली तांदळाची पिशवी. का, ते त्यालाच माहीत.

हित्सुमि केलं, पिठाचे पातळ तुकडे तोडून रश्शात. खाल्लं आणि गाडीतून पुन्हा काढून आणलेला डबा उघडून बसलो. मीटर आणलं. दोन टोकं एका तारेच्या दोन बाजूंना लावली, मधली वाट सलग असेल तर 'पीं' वाजतं. मी टोकं धरायची, ती मी वहीत काढलेला जोडण्यांचा नकाशा बघून सांगायची — कुठून कुठे. पहिल्या तासात सगळीकडे पीं. पीं. पीं.

"हे बंदच करा, माझ्या स्वप्नात वाजेल."

दुसऱ्या तासात, तिसऱ्या कंडेन्सरच्या पोटाखाली — गप्प.

पुन्हा लावलं. गप्प. वरून हिरवा लेप अगदी धडधाकट. ओइकावाने मला बाजूला केलं, डोळे मिटले आणि नखाच्या टोकाने पट्टीवरून हळूहळू बोट फिरवलं, हातावर शीर शोधतात तसं. थांबली. "इथे मऊ आहे."

सुईने लेप खरवडला. खाली तांबं नव्हतंच! हिरवट भुकटी. गळतीने आतून खाल्लेलं. केसाएवढा धागा उरला असेल, तोच इतके दिवस गाडी ओढत होता, आणि मी सोल्डरची उष्णता दिली तसा तोही तुटला. म्हणजे मी मारली नाही. मरत होती ती जागा मी दाखवली. 

तारेचा एक पदर सोलून वेगळा काढला. केसाहून थोडा जाड. तुटल्या दोन टोकांवर पूल घातला. दोन सेकंद इकडे. दोन सेकंद तिकडे.

पीं!!

ओइकावाने माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की चष्मा पट्टीवर पडला.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

उणे चार. गवत, काच, दाराची कडी, सगळं गोठलेलं. मुद्दाम हीच सकाळ निवडली. ड्रायर हातात घेतलाच नाही.

किल्ली. पिवळा दिवा लागला — लखलखीत, आजवर एवढा लखलखीत पाहिलाच नव्हता — विझला. आणि इंजिन सुरू. काटा जागेवर. पंधरा मिनिटं एकटीच आत बसून त्या काट्याकडे बघत राहिले. पिन घालून विचारलं. एकसारखी उघडझाप. सगळं ठीक. आणि या वेळी खरोखर ठीक.

खिडकीत शिशिदोसाहेब. मी हात केला. त्यांनी पडदा ओढून घेतला.

२७ नोव्हेंबर, सोमवार

तोमे आजी टबात. एक्केचाळीस अंश. मान मागे टाकून डोळे मिटले, आणि म्हणाल्या — "मागच्या सोमवारी कोण मेलं होतं? सगळ्यांची तोंडं तशी होती."

"कुणी नाही, आजी. गाडी."

"मग आज श्राद्ध वाटतं. बरं गरम आहे."

२८ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणी पास! धुराचा आकडा नव्या गाडीसारखा. तपासणारा तरुण म्हणाला, "या मॉडेलच्या गाड्या आता दिसतच नाहीत." म्हटलं, "दिसली ना."

३० नोव्हेंबर, गुरुवार

तपासणी झाल्यावर मी नागानेला डब्याचं सांगितलं होतं, त्यानेच फोडलं. वाईट हेतूने नाही, कौतुकाने! ऑफिसात हिशेब द्यायला गेला आणि — "तुमच्या चालकबाईंनी तर कमालच केली, डबा उघडला!"

शिशिदोसाहेबांनी चहा दिला नाही.

"मी नाही म्हटलं होतं."

"हो."

"उद्या उताराच्या रस्त्यावर इंजिन बंद पडलं, कुणाला काही झालं, तर मी काय सांगायचं? की जेवणाच्या टेबलावर दुरुस्त केलं होतं?"

इथे खरं लिहायला हवं — त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मला राग आला तो त्यामुळेच. म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. बंद पडली तर विचारतील. पण सहा घरांत सहा माणसं आंघोळीवाचून पडून राहिली तर कुणीच विचारणार नाही. म्हणून ते सोपं वाटतं."

 शेवटी म्हणाले, कुणीतरी जबाबदारी घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढता येणार नाही.

"कागद द्या."

माझ्या हाताने लिहिलं. परवानगी नसताना मी उघडला, मी दुरुस्त केला, संस्थेचा संबंध नाही. त्याबद्दल पंधरा डिसेंबरला मी नोकरी सोडते. गाडी सरकारी तपासणीत पास आहे, ती नागाने तपासून सही देईल, ती चालू राहील. खाली नाव, शिक्का.

त्यांनी दोनदा वाचलं. "तुम्ही सोडलंच पाहिजे असं मी म्हटलं नव्हतं."

"मी म्हटलं. आता तुम्हीही लिहा — गाडी वर जाईल."

लिहिलं! हात थोडा अडखळला, पण लिहिलं.

नागानेकडे गेले. त्याने आधी हात पुसले. मग गाडीखाली शिरला, दीड तास. सही केली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला तेल गेलं डोळ्यात.

४ डिसेंबर, सोमवार

तोमे आजींना सांगितलं. ऐकून म्हणाल्या, "काढलं का सोडलंस?"

"सोडलं."

"मग रडायचं कशाला? काढलं असतं तर मी आले असते भांडायला. टबासकट."

रडत नव्हते मी. वाफ होती.

१५ डिसेंबर, शुक्रवार

किल्ल्या दिल्या. चिकटपट्टीने एक चिठ्ठी किल्लीला लावली होती — 'थंडी उणे सातखाली गेली तर दोनदा फिरवा. घाई करू नका.' नवा चालक कोण येणार, अजून ठरलं नाही. जाहिरात लावली आहे म्हणे.

ओइकावाने मिठी मारली. आमच्यात कोणी मारत नाही. कान्नोने परत तांदूळ दिले. एवढे तांदूळ येतात कुठून?

१८ डिसेंबर, सोमवार

वीतभर बर्फ. घरी सोमवार कसा घालवतात ते मला माहीत नाही. स्टोव्ह पुसला. आधीच स्वच्छ होता.

ऑफिसची जाहिरात अजून तशीच. कोणी अर्ज केला नाही. गाडी शेडमध्ये उभी.

ठणठणीत गाडी, पास झालेली, आणि उभी! मी काय म्हणून सही केली?

२५ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी ओइकावाचा फोन. हसू आवरेना. चालक मिळालाच नाही म्हणून आज शिशिदोसाहेब स्वतः गाडी घेऊन वर गेले! टाय घालून. नळी उलट जोडली, अर्धं पाणी अंगावर घेतलं. तोमे आजींनी विचारलं, "हा कोण?" मग स्वतःचा पाय पुढे करून, "बसून काय बघतोस, चोळ." चोळला! गुडघ्यावर बसून, वीस मिनिटं. 

आत्ताच त्यांचाही फोन आला. आधी बर्फाबद्दल बोलले. मग — "कुरियागावाबाई, उद्या उरलेली पाच घरं... रस्ता सांगता का?"

"फोनवर नाही कळायचा. सात वाजता माझ्या दारात गाडी आणा. मी शेजारी बसते."

"पण तुम्ही आता नोकरीत नाही."

"म्हणूनच तर तुम्ही मला नाही म्हणू शकत नाही."